जपलेली कात्रणे रद्दीत जातात तेव्हा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गुडघेदुखीसाठी नेहमी येणाऱ्या एक बाई तपासणी आटोपल्यावर उठता उठता म्हणाल्या, "डॉक्टर, एक आनंदाची बातमी सांगायची राहिलीच. आमच्या ह्यांनी एकदाची ती सगळी रद्दी काढली बघा. चाळीस वर्षं नुसता पसारा. परवा रद्दीवाल्याला बोलावलं आणि स्वतःच्या हातांनी गाडीवर भरून दिली."

ही 'रद्दी' कसली ते मला ठाऊक होते. त्यांचे यजमान एस.टी.मध्ये कंडक्टर होते. मुंबई-पुण्याच्या फेऱ्यांत प्रवासी बाकावर टाकून गेलेली वर्तमानपत्रे ते गोळा करीत आणि क्रीडापान तेवढे कापून घरी आणीत. सुरुवात झाली ती १९८३ साली, २५ जूनला लॉर्ड्सवर आपण वेस्ट इंडिजला ४३ धावांनी हरवले तेव्हा. पुढे वह्यांमागून वह्या चिकटवल्या गेल्या. संदीप पाटील यांच्या संपादनाखाली निघणारे 'एकच षटकार'चे अंक, 'स्पोर्ट्सस्टार'ची मधली रंगीत पाने, सामन्यांची तिकिटे, आपल्या भागातल्या कुस्ती मैदानांची हँडबिले आणि खेळाडूंच्या सह्यांची एक छोटी वही. दोन लोखंडी ट्रंका आणि एक कपाट भरले होते. मी एकदा घरी व्हिजिटला गेलो असताना आजारी माणूस बाजूला राहिला आणि अण्णांनी मला पाऊण तास वह्या दाखवल्या होत्या.

बाई खुशीत होत्या. मी मात्र म्हणालो, "अण्णांना उद्या ब्लडप्रेशर बघायला पाठवून द्या." त्यांना वाटले, डॉक्टरांच्या काहीतरी भलतेच मनात आले. मी असे का म्हणालो त्याचा खुलासा म्हणजेच आजचा लेख. (रुग्ण ओळखू येऊ नयेत म्हणून या लेखातील बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. खेळाच्या वस्तू जमवण्याचा नाद सोडणे हा काही आजार नव्हे. बहुतेक माणसे तो केव्हा ना केव्हा सोडतातच, आणि त्यात काळजी करण्यासारखे काही नसते. मी स्वतः सातवी-आठवीत असताना कपिलदेवची आणि गावसकरांची चित्रे जमवीत होतो. बारावीचे वर्ष आले, मग मेडिकलचे होस्टेल, आणि एका दिवाळीच्या साफसफाईत आईने ती वही कधी टाकली ते मला कळलेही नाही. दोन वर्षांनी आठवण झाली तेव्हा पाच मिनिटे वाईट वाटले, इतकेच. १९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास बबलगमबरोबर मिळणारी, मागे धावा आणि बळी छापलेली चित्रे जमवणारी पिढी आज पन्नाशीच्या आसपास आहे. त्यांच्यापैकी किती जणांकडे आज ती चित्रे असतील? ते वय निघून गेले, बरोबरची मुले पांगली, अदलाबदल करायला कोणी उरले नाही, नाद सुटला.

कित्येकदा संग्रह पूर्ण होतो आणि म्हणूनच सुटतो. हे ऐकायला विचित्र वाटेल. पण माणसाच्या मेंदूत आनंदाची जी रचना आहे ती वस्तू हाती आल्यावर जेवढी चेतते, त्याहून अधिक ती मिळणार मिळणार या आशेवर चेतते. डोपामिन नावाचे रसायन या अपेक्षेच्या काळात कामाला लागते. रविवारच्या बाजारात जुन्या अंकांच्या ढिगात हात घालताना जी हुरहूर असते, ती तो अंक कपाटात जाऊन बसल्यावर राहत नाही. हवे असलेले शेवटचे चित्र मिळाले की शोध संपतो आणि शोधाबरोबर गोडीही संपते. त्यातच आता हातातल्या फोनवर १९८३ च्या सामन्याची चित्रे पाहिजे तेव्हा दिसतात, आणि खेळाडू भेटला तर मुले सही मागत नाहीत, फोटो काढून घेतात. दुर्मिळपणा गेला की जमवण्याचा अर्थ पातळ होतो.

काही वेळा मन उडते ते खेळावरून. एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी सामनेनिश्चितीचे प्रकरण उघडकीस आणले आणि दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने पैसे घेतल्याची कबुली दिली. त्या आठवड्यात माझ्याकडे सर्दी-खोकल्याचे औषध घ्यायला आलेले पेशंटसुद्धा आजार सोडून त्याबद्दलच बोलत होते. एका कॉलेजकुमाराने खोलीतली सगळी पोस्टर्स फाडून बंबात घातल्याचे त्याच्या वडिलांनी मला सांगितले. त्याला राग आला होता आणि तो राग त्याने काढला. प्रकृतीच्या दृष्टीने यातही बिघडलेले काही नाही. पुढच्या वर्षी कोलकात्याला लक्ष्मण आणि द्रविड दिवसभर खेळले तेव्हा हाच मुलगा टीव्हीसमोरून हलला नव्हता.

पैशाचे कारणही आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या खेळाडूंची कार्डे जमवण्याचे वेड फार जुने. १९८० च्या दशकाच्या अखेरीस लोकांना वाटले की ही कार्डे म्हणजे सोनेच. छापणाऱ्यांनीही मग इतकी छापली की पुढे त्यांना कोणी विचारीना, आणि मुलांच्या शिक्षणाची सोय म्हणून खोकी भरून ठेवणाऱ्या पालकांच्या पदरी पुठ्ठाच पडला. १९९० च्या दशकात खोट्या सह्यांचा धंदाही इतका फोफावला की त्यांच्या एफ.बी.आय.ला त्यासाठी 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम हाती घ्यावी लागली. आपल्याकडे हा बाजार तेवढा मोठा नाही, तरी कोणाची तरी सही म्हणून हजारो रुपये मोजून बॅट घेतली आणि ती सही खोटी निघाली, अशी तक्रार घेऊन आलेला एक रुग्ण मीही पाहिला आहे. तक्रार अर्थात बॅटची नव्हती, झोप न लागण्याची होती. बायकोपासून लपवून कर्ज काढले होते. झोपेची गोळी न देता मी त्याला घरी जाऊन सगळे खरे सांगायला लावले. घरात दोन दिवस आदळआपट झाली आणि तिसऱ्या दिवसापासून त्याला झोप लागू लागली.

आता शरीराची कारणे. यांत आमच्या धंद्याचा जास्त संबंध येतो.

जुना कागद म्हणजे धूळ, बुरशी, कसर आणि डोळ्यांना न दिसणारे किडे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि त्याचा भुगा हवेत उडतो. ट्रंक उघडली की शिंकांची माळ, नाक गळणे, डोळे चुळचुळणे आणि ज्याला दम्याची प्रवृत्ती आहे त्याला रात्री धाप, हा क्रम मी कितीतरी वेळा पाहिला. रुग्ण सांगतो, "डॉक्टर, दर रविवारी दमा उठतो." रविवारी तो काय करतो ते विचारले की उत्तर सापडते. कृष्णेच्या पुराने या प्रकाराला वेगळेच वळण दिले. २००५ च्या आणि २०१९ च्या पुरात सांगलीत कित्येक घरांत आठवडाभर पाणी होते. पाणी ओसरल्यावर लोकांनी भिजलेले अल्बम आणि अंक उन्हात घातले, इस्त्री फिरवली, पण आतून बुरशी धरलेली होती. एका गृहस्थांकडे विजय हजाऱ्यांवरचे बरेच काही होते. हजारे सांगलीचेच, जन्म १९१५ चा. त्यांच्या कर्णधारपदाखाली १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, हे आमच्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असायचे. त्या गृहस्थांनी बुरशी लागलेली कात्रणे तीन महिने सोडली नाहीत आणि तीन महिने खोकला त्यांना सोडीना. शेवटी मुलाने मोबाईलवर एकेका कात्रणाचा फोटो काढला आणि मूळ कागद जाळून टाकले. खोकला गेला. ते मात्र अजून म्हणतात की फोटोला वास नाही.

डांबरगोळ्यांबद्दल येथेच सांगून टाकतो, कारण हे फार कमी लोकांना माहीत असते. कसर लागू नये म्हणून ट्रंकेत टाकायच्या पांढऱ्या गोळ्या बहुधा नॅप्थलीनच्या असतात. काही माणसांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचे एक संरक्षक द्रव्य जन्मतःच कमी असते. हा दोष मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त आढळतो. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत किंवा दुपट्यात गुंडाळले तर नुसत्या वाफेनेही तांबड्या पेशी फुटू लागतात, कावीळ वाढते आणि लघवी गडद रंगाची होते. म्हणून ज्या घरात तान्हे मूल आहे त्या घरात कात्रणांची ट्रंक आणि बाळाचे कपडे एका खोलीतही नकोत. रांगत्या मुलाने पेपरमिंट समजून गोळी गिळली तर ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि वाटेत दूध किंवा तूप पाजू नये, कारण स्निग्ध पदार्थांबरोबर ती अधिक शोषली जाते. आणखी एक. काही घरांतून अजूनही गॅमेक्झिनची जुनी पुडी निघते. ते लिंडेन नावाचे कीटकनाशक असते, त्याच्या वापरावर आपल्याकडे बंदी आलेली आहे. ते कपाटात मुळीच टाकू नये.

डोळे हे दुसरे कारण, आणि ते कोणी सांगत नाही. एक निवृत्त हेडक्लार्क कात्रणे कापायचे एकदम थांबले. घरच्यांना वाटले कंटाळले. विचारले तर म्हणत, "आता त्यात काही राम उरला नाही." तपासले तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. धावफलकाचे बारीक आकडे दिसत नव्हते, कात्री सरळ चालत नव्हती आणि हे कबूल करण्याची लाज वाटत होती. शस्त्रक्रियेनंतर महिन्याने कात्री पुन्हा सुरू झाली. हाताचा कंप, संधिवाताने आखडलेली बोटे, जड ट्रंक ओढून धरलेली कंबर, ही सगळी त्याच जातीची कारणे. माणूस म्हणतो "मन नाही" आणि खरे तर हात नाही किंवा डोळा नाही.

याच्या उलट, वस्तू सोडवतच नाहीत असाही एक विकार आहे. घरातला प्रत्येक चिकट्या जमवणारा माणूस विकारी नसतो. संग्राहक वस्तू लावून ठेवतो, दुसऱ्याला दाखवतो आणि त्याच्या घरात झोपायला जागा असते. जेथे पलंगावर, ओट्यावर, मोरीतसुद्धा कागद साचलेला असतो आणि एक कागद टाकायचा म्हटला तरी माणूस कासावीस होतो, तेथे तो विकार समजावा. पूर्वी तो मंत्रचळाचाच एक प्रकार मानीत. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने तो स्वतंत्र विकार म्हणून नोंदवला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही तो आहे. अशा माणसाच्या माघारी सगळे रद्दीत घालणे हा उपचार नव्हे. त्याचा विश्वास उडतो आणि तो दुप्पट जोमाने जमवू लागतो. मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीने, त्याच्याच हातांनी, थोडे थोडे कमी करावे लागते. कंपवाताच्या काही औषधांनी, विशेषतः प्रामिपेक्झोल आणि रोपिनिरोल, एखाद्याला अचानक खरेदीचा, जुगाराचा किंवा वस्तू जमवण्याचा अनावर नाद लागू शकतो, हेही अशा रुग्णांच्या घरच्यांनी ध्यानात ठेवावे. डॉक्टरांना सांगितले तर औषध बदलता येते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

माझ्या प्रॅक्टिसला सात-आठ वर्षे झाली होती. गावातील एक गुरुजी माझे नेहमीचे पेशंट. पत्नी आदल्या वर्षी वारलेली, मुलगा परगावी. त्यांच्याकडे वडिलांपासून चालत आलेला क्रिकेटच्या कात्रणांचा संग्रह होता. त्यात १९४८ च्या अ‍ॅडलेड कसोटीत हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतके केली, ११६ आणि १४५, त्या दिवसांचे एक इंग्रजी कात्रण होते. गुरुजींचा त्यावर फार जीव. एका संध्याकाळी ते दवाखान्यात आले, रांगेत बसले, नंबर आल्यावर आत आले आणि पाकिटातून ते कात्रण काढून माझ्या टेबलावर ठेवले. "डॉक्टर, हे तुम्हाला. तुम्हाला कदर आहे." मी संकोचलो, पण घेतले. खरे सांगायचे तर मला आनंद झाला. बाहेर पंधरा पेशंट बसले होते. गुरुजी शांत दिसत होते, हसले, मीही हसलो. बाकीच्या वह्या त्यांनी शाळेला देऊन टाकल्या आणि शंभरेक पुस्तके वाचनालयाला, हे मला नंतर कळले. तीन आठवड्यांनी त्यांनी जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला. शेजाऱ्याच्या वेळीच लक्षात आले म्हणून वाचले.

जिवापाड जपलेल्या वस्तू माणूस एकाएकी वाटू लागला तर तो निरोप असू शकतो, हे पुस्तकात मी वाचलेले होते. परीक्षेत विचारले असते तर लिहिलेही असते. पण ती वस्तू माझ्याच टेबलावर आली तेव्हा मला भेट दिसली, निरोप दिसला नाही. "गुरुजी, का देताय?" एवढा एक प्रश्न मी विचारायला हवा होता. तो विचारला नाही, ही माझी चूक. बरे झाल्यावर ते कात्रण मी त्यांना परत नेऊन दिले. त्यानंतर कोणी काही नाद सोडल्याचे सांगितले की मी तो प्रश्न विचारतो. म्हणूनच त्या बाईंना म्हणालो, अण्णांना पाठवून द्या.

अण्णा आले. ब्लडप्रेशर ठीक होते. वजन मात्र चार किलोने उतरलेले. झोप कशी आहे विचारले तर म्हणाले, लागते, पण साडेतीनला जाग येते आणि मग छताकडे बघत पडतो. जेवण? "पुढे ठेवलं तर जेवतो." कालची मॅच पाहिली का? "लावली होती." कोण जिंकले? त्यांना सांगता आले नाही. ज्या माणसाला १९८३ च्या अंतिम सामन्यात कोणी किती धावा केल्या ते पाठ, त्याला कालचा निकाल ठाऊक नव्हता. तेथे मला पुरेसे कळले.

वैद्यकीय भाषेत याला नैराश्य म्हणतात. रडणे म्हणजेच नैराश्य असा आपला समज असतो, आणि पुरुष तर रडतही नाहीत. त्याचे मोठे लक्षण म्हणजे ज्यात गोडी होती त्यातली गोडी जाणे. ही गोडी एका गोष्टीतली जात नाही, सगळ्यांतलीच जाते. येथेच फरक ओळखता येतो. ज्याने कात्रणे टाकली पण नातवाबरोबर अंगणात चेंडू टाकतो, कट्ट्यावर जातो, भाजीत मीठ कमी पडले तर बोलतो, त्याने निव्वळ एक नाद सोडला. ज्याने कात्रणे टाकली आणि कट्टाही सोडला, देवळात जाणेही सोडले, बोलणे तुटक झाले, पहाटे जाग येऊ लागली, "माझा आता काय उपयोग" असे शब्द तोंडी आले, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले आहे, त्याला डॉक्टरकडे न्यायलाच हवे. घर स्वच्छ झाल्याच्या आनंदात हे नजरेआड होते. बाईंचा यात काहीच दोष नव्हता, चाळीस वर्षे त्यांनीच तो पसारा झाडला होता.

प्रत्येक वेळी दुखणे मनाचेच असते असे नाही. थायरॉईडचा स्राव कमी पडणे, बी-बारा जीवनसत्त्वाची उणीव, रक्तक्षय, बेताल मधुमेह यांनीही माणूस असाच मंदावतो. पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर नैराश्य येणे फार सामान्य आहे. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला विसरण्याच्या आधी उदासीनता दिसू शकते. म्हणून मी आधी रक्ताच्या तपासण्या सांगतो. अण्णांची बी-बाराची पातळी थोडी कमी निघाली, थायरॉईड ठीक होते. पण त्यांची खरी गोष्ट हळूहळू बाहेर आली. बरोबरचे दोन कंडक्टर मित्र एका वर्षात गेले होते. दर सामन्यानंतर रात्री फोनवर ज्याच्याशी वाद घालायचा तोच उरला नाही. नातवाने एकदा सहज म्हटले होते, "आजोबा, हे सगळं नेटवर आहे की." पोराचे काही चुकले नव्हते. पण ते वाक्य अण्णांच्या मनात रुतून बसले होते.

मी त्यांना सरळ विचारले, "अण्णा, जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?" असे विचारल्याने नसता विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यावर माणूस सुटकेचा श्वास टाकतो. अण्णा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "सकाळ झाली नसती तरी चाललं असतं, असं वाटतं." त्याच दिवशी त्यांच्या मुलाला बोलावून घेतले, शेतातली औषधे घरातून हलवून कुलपात ठेवायला सांगितले आणि आठवड्याच्या आत मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. अशा माणसाला त्या दिवसांत एकटे ठेवू नये. डॉक्टर लगेच भेटत नसतील तर शासनाचा टेलिमानस हा दूरध्वनी क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य असून रात्रंदिवस चालतो. मराठीत बोलता येते. हा क्रमांक आत्ताच कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

नैराश्याची औषधे झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचे व्यसन लागत नाही. परंतु गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिल्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडून देणारे आणि बरे वाटू लागताच आपल्याच मनाने एकदम बंद करणारे, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण मला नेहमी भेटतात. दोघेही तेवढ्याच त्रासात परत येतात. अण्णांना पाचव्या आठवड्यात झोप पूर्ण लागू लागली. दिवाळीपर्यंत वजन भरून आले. कात्रणे काही परत आली नाहीत, रद्दीवाल्याकडून ती केव्हाच कागद गिरणीत गेली होती. सह्यांची छोटी वही तेवढी बाईंनी, किल्ल्यांच्या पेटीत होती म्हणून, वाचवली होती. अण्णांनी नवा संग्रह सुरू केलेला नाही आणि मीही तसा आग्रह धरलेला नाही. मागच्या महिन्यात आले तेव्हा पंचांनी पायचीत चुकीचे दिले म्हणून मला दहा मिनिटे बसवून ठेवले. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण मी त्यांना थांबवले नाही.

या विषयावर लिहायचे ठरवले त्याच सुमारास एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्या लिहितात, 'आमच्या सासऱ्यांकडे क्रिकेटचे चार पेट्या सामान आहे. नातवाला दमा आहे. टाका म्हटले तर ते जेवत नाहीत. काय करावे?' उत्तर असे : टाकू नका आणि माघारी तर मुळीच टाकू नका. पेट्या मुलाच्या झोपण्याच्या खोलीतून हलवून कोरड्या, ओल न येणाऱ्या खोलीत जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीला न चिकटवता ठेवा. डांबरगोळ्या काढून टाका. पेटी उघडताना सासऱ्यांनी नाकातोंडाला स्वच्छ रुमाल किंवा मास्क बांधावा, खिडकी उघडी असावी आणि मूल बाहेर असावे. धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने पेटी बाहेरून पुसावी. बुरशीचा काळा-हिरवा डाग दिसेल तो कागद फोटो काढून वेगळा करावा. सासऱ्यांना शक्य असेल तर एखादे वेळी पुण्यास सहकारनगरमधील क्रिकेटच्या वस्तूंचे 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे संग्रहालय दाखवून आणा, म्हणजे मोजके आणि नीट ठेवलेले किती देखणे दिसते ते त्यांच्या नजरेला पडेल. चारांच्या दोन पेट्या त्यांच्या त्यांनी केल्या तर उत्तमच. आणि उद्या ते स्वतः होऊन म्हणाले की चारही घेऊन जा, मला आता काही नको, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी त्यांच्याजवळ बसून "मामंजी, का हो?" म्हणून विचारा.